दोन दारांची गाडी

हिरालाल गेला त्या सकाळी मी शहाद्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये एका ट्रॅक्टरच्या इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाशी धरून उकिडवा बसलो होतो. इंजिनात काय बिघडलंय ते असं ऐकू येतं. पासष्टी उलटली तरी माझा हा कान अजून शाबूत आहे, आणि तो कामात असला की मी दुसरं काही ऐकत नाही. खिशातला फोन तीनदा वाजून थांबला. चौथ्यांदा चिडून उचलला तर किशोर, हिरालालचा मोठा मुलगा. "काका, बाबा गयात..." एवढंच म्हणाला. ब्राह्मणपुरीच्या केळीच्या बागेत हिरालाल ठिबकचा कॉक उघडायला गेला होता. दम लागला म्हणून बांधावर बसला, तो उठलाच नाही. ट्रॅक्टरवाल्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. ब्राह्मणपुरीकडे जाताना दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणीच्या बाया वाकलेल्या होत्या, आणि खरं सांगतो, मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, की आता त्याला खरं सांगायचं कायमचं राहिलं.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. त्याच्याबद्दल चार शब्द लिहा, असं गावातल्या मंडळींनी मला सांगितलं. मी लिहिणारा माणूस नाही. पण हिरालालबद्दल बोलायचं तर एका गाडीबद्दल बोलावं लागेल, आणि त्या गाडीबद्दल माझ्याशिवाय कोणी बोलू शकत नाही.

आमची ओळख ट्रॅक्टरमुळे झाली. तेव्हा मी नुकतं वर्कशॉप टाकलं होतं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत दिवस काढत होतो. हा गुजर पाटलाचा तरणा मुलगा जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला होता, आणि तो बघायला मला सोबत घेऊन गेला. मी इंजिन ऐकलं आणि घेऊ नकोस म्हणालो. त्यानं मला एक नारळ आणि नवा कोरा रुमाल दिला, आणि आम्ही तसेच परत आलो. मी म्हटलं, "सौदा व्हयना नही, मंग नारय कसाना?" तेव्हा त्यानं मला त्यांच्या घरचा रिवाज सांगितला. त्याच्या वडिलांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एक घोडी घेतली होती. सोबतच्या पारख्यानं तिचे दात पाहिले, खूर पाहिले, अंगावरचे भोवरे पाहिले आणि पुढचा उजवा पाय कच्चा आहे म्हणाला. वडिलांचा जीव घोडीवर जडलेला. त्यांनी त्याचं न ऐकता घोडी घेतली, आणि घरी येताना तिनं त्याच पायावर गुडघा टेकला. वडील खाली आले ते मरेपर्यंत लंगडत चालले. त्या दिवसापासून त्या घरात एक नियम झाला. बैल असो, म्हैस असो, की मशीन असो, पारखी एकच न्यायचा. तो हो म्हणो की नाही, त्याला नारळ-रुमाल द्यायचा. त्याच्या शब्दानंतर दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही आणि निघताना मागं वळून वस्तूकडे पाहायचं नाही. मला तेव्हा हसू आलं होतं. पण पुढं पस्तीस वर्षं त्या घरात आलेली प्रत्येक मोटार, पंप, जीप माझ्या कानाखालून गेली. माझ्या बायकोनंसुद्धा माझ्या शब्दाला एवढी किंमत कधी दिली नाही.

हिरालाल तसा हौशी माणूस नव्हताच. जेवायला बसला की पानात पडेल ते खायचा, लग्नकार्यात तोच तो एक सफारी घालायचा. बारा माणसांचं घर त्यानं मुकाट ओढलं. म्हणून मागच्या वर्षी दिवाळीनंतर तो वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसला आणि जरा लाजतच बोलू लागला तेव्हा मला वाटलं, घरात कुणाच्या लग्नाचं काही असेल.

"मिस्तरी, एक गाडी देखाले जानं शे. नंदुरबारले. जुनी शे, पन भारी शे. दोनज दरवाजा शेतस तिले."

"दोन दरवाजानी गाडी कसाले पाहिजे तुले? घरमा बारा मानसं शेतस," मी म्हटलं.

"म्हनीसनच पाहिजे," तो म्हणाला, आणि हसला.

मला त्या 'म्हणूनच'चा अर्थ लागला नाही, आणि मी तो लावायलाही गेलो नाही. मी त्याची टिंगल केली. ऊस भरून न्यायचा का तीत, की केळीचे घड मांडीवर घेऊन बसशील, असं काहीबाही बोललो. तो चिडला नाही. कॉलेजात असताना म्हसावदच्या रस्त्यावर अशीच एक गाडी त्यानं पाहिली होती, एवढं म्हणाला. गाडी थांबली, आतल्या माणसानं काच खाली करून तोरणमाळचा रस्ता विचारला, यानं सांगितला, आणि गाडी निघून गेली. बस, एवढीच गोष्ट. एवढ्याशा गोष्टीवर चाळीस-पंचेचाळीस वर्षं कोणाची नजर अडकून राहते, हे माझ्या डोक्यात शिरेना.

दुसऱ्या दिवशी किशोर आला. तो पोरगा वाईट नाही, बापाची काळजी करणारा आहे. आदल्या वर्षीच हिरालालच्या हृदयात स्प्रिंग टाकली होती. जुन्या गाडीचं स्टिअरिंग जड, ब्रेक जड, आणि हे बाबा तिला घेऊन घाटात जायचं म्हणतात. "काका, तुम्ही नको म्हनश्यात तं बाबा ऐकतीन. आमनं ऐकतस नही," तो म्हणाला. मी त्याला शब्द दिला नाही, पण नाहीही म्हणालो नाही.

गाडी एका निवृत्त डॉक्टरांची होती, नंदुरबारला त्यांच्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. गडद हिरवी, गोल दिव्यांची, लांब दारांची, मागं पाठ उतरत गेलेली. पुढं दोन सीटा, आणि मागं सीटच्या नावाखाली नुसती एक फळी. डॉक्टरांनी चोक ओढून ती चालू केली आणि मी बॉनेटमध्ये स्क्रू-ड्रायव्हर लावला. असं जपलेलं इंजिन मी आयुष्यात फार कमी ऐकलं आहे. हिरालाल तेवढ्यात काय करत होता? खिशातून सुतळी काढून सीटांची मापं घेत होता. लांबी, रुंदी, पाठ... प्रत्येक मापाला एक गाठ. मी म्हटलं, "शिंपीनं दुकान टाकस का?" तो नुसता हसला आणि सुतळीची गुंडाळी करून खिशात ठेवली.

मग मी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो. पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पान्यानं ठोकत गेलो. सगळीकडे भरीव आवाज. कुठं गंज नाही, जोड नाही. मी उताणा पडलो होतो. वर तेलाचा एक थेंबसुद्धा नव्हता, आणि गाडीच्या पलीकडे हिरालालच्या चपला दिसत होत्या. त्या एका जागी उभ्या नव्हत्या. लहान मुलासारखी चुळबुळ चालली होती त्याची. तिथं पडल्या पडल्या मी ठरवलं. मी मनाला सांगितलं, त्याच्या हृदयासाठी, किशोरसाठी. पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज लिहितो. मला हेवा वाटला. मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणा पडलो, अंगावर काळं तेल घेतलं, आणि साध्या स्कूटरवर म्हातारा झालो. आणि हा आता या वयात खेळणं घेणार, आणि ते नीट आहे हे त्याला मी सांगायचं. का म्हणून?

मी बाहेर आलो, हात पुसले आणि म्हणालो, "चासी सडेल शे, हिरा. वरथीन दिसत नही, पन खालथीन पोखरेल शे."

डॉक्टर काहीतरी बोलायला लागले. हिरालालनं हात जोडून त्यांना थांबवलं. मग पिशवीतून नारळ आणि रुमाल काढून माझ्या हातात दिला. "चाल, चहा पिऊत," म्हणाला. फाटकातून बाहेर पडताना त्यानं रिवाजाप्रमाणे मागं पाहिलं नाही. मी पाहिलं. त्यानं स्वतः खाली वाकून एकदा बोट लावून पाहिलं असतं तरी माझं पितळ उघडं पडलं असतं. पण तो वाकणार नाही, हे मला माहीत होतं.

पुढं होळीच्या सुमारास डॉक्टरांकडून कळलं की गाडी सुरतेच्या कोणीतरी घेतली. मी ते हिरालालला सांगितलं. वाटलं होतं, विषय मिटेल. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "त्या मानूसले चासीनं सांगं का कोनी? बिचारा घाटमा लई जाई, तं जीव जाई त्याना."

"सांगं मी," मी म्हणालो. एका खोट्यावर दुसरं. तो म्हणाला, "बरं कयं." आणि मग शांतपणे चहा प्याला. त्या दिवशी मला सांगता आलं असतं. नंतरही आलं असतं... पोळ्याला गेलो होतो, गणपतीला गेलो होतो. प्रत्येक वेळी तो कुठलासा पंप नाहीतर मोटार दाखवायचा आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहायचा.

तेरावा होऊन गेला, आणि त्याला जाऊन महिना भरत आला तेव्हा मी ब्राह्मणपुरीला गेलो. दुपारची वेळ होती, सगळे शेतात. हिरालालची बायको, आमच्या इंदूवहिनी, ओसरीतल्या झोपाळ्यावर एकट्या बसल्या होत्या. हा झोपाळा त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा, सागाची रुंद फळी, पितळी कड्या. संध्याकाळी दोघं त्यावर बसायचे, हिरालाल डावीकडे, वहिनी उजवीकडे, फारसं न बोलता. मी समोरच्या पायरीवर बसलो. फळीवर दोन जाड गाद्या शेजारी शेजारी अंथरलेल्या होत्या, जुन्या लुगड्यांच्या, बारीक टाक्यांनी शिवलेल्या. पण त्या फळीच्या मापाच्या नव्हत्या. पुढच्या बाजूला गोलाई होती आणि एका कोपऱ्याला खाच. मी बघत राहिलो. माझी हयात गाड्यांमध्ये गेली आहे, खाच कशासाठी असते ते मला कळतं. तिथं हँडब्रेक येतो.

वहिनींनी माझी नजर पाहिली. "त्या गाडीन्या शेतस ह्या. त्यास्नी सुतळीवर मापं आनेल व्हतं. सौदा व्हयना नही, तरी मी आठ दिनमा शिवी टाक्यात," त्या म्हणाल्या. मग खाचेवर बोट ठेवून, "माले सांगं त्यास्नी, आपन तोरणमाळले जासूत. दोनीजन. मांगे कोनी बसावज नही."

मी माझी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"लगनले चाळीस वरीस व्हयनात, भाऊ. बैलगाडीमा बठनू, जीपमा बठनू, पन मन्ही मांडी कधी रिकामी नव्हती. कोनं तरी पोरगं, नही तं डबा, नही तं बियानानी पिशवी. कॉलेजमा व्हतात तवय एक गाडी देखेल व्हती त्यास्नी. नवरा-बायको दोनज व्हतात त्यामा, हाशी ऱ्हायनात. लगन व्हयनं त्या सालपाईन माले सांगी ऱ्हायनात..."

मला त्यानं फक्त गाडी सांगितली होती. आतली बाई सांगितली नव्हती. सांगितली असती तर मी टिंगल केली असती, हे त्याला माहीत असणार.

पिशवीत त्यानं नंदुरबारला दिलेला रुमाल होता. वर्षभर घडीसुद्धा मोडली नव्हती, परत करायला म्हणून आणला होता. मी पिशवीत हात घातला आणि म्हणालो, "वहिनी, चासी चांगली व्हती. काहीच सडेल नव्हतं. मी खोटं बोलनू."

वहिनींनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील, रडतील. किशोरचं नाव मी घेतलं नाही, ते घेऊन माझं ओझं कमी होणार नव्हतं. त्यांनी अंगणातल्या निंबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या आणि एकच विचारलं.

"मंग चढती का ती तोरणमाळले?"

त्यांनी हे रागानं विचारलं नाही. हिरालाल विचारायचा तसंच विचारलं, पारख्याला विचारतात तसं. त्या चढाची सगळी वळणं माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि ते इंजिनही कानात वाजायला लागलं. या वेळी तरी खोटं बोलावं, असं फार वाटलं. नाही म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"चढती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. शेजारच्या गादीचा दुमडलेला कोपरा हातानं सारखा केला. मी उठून रुमाल त्या गादीवर ठेवला, त्यांनी तो उचललाही नाही आणि सरकवलाही नाही. मग त्यांनी पायानं झोपाळ्याला रेटा दिला. एकाच बाजूला भार असल्यामुळे तो तिरका जात होता आणि उजवी कडी प्रत्येक झोक्याला कुरकुरत होती. पायरीवर बसून मी तो आवाज ऐकत राहिलो. वहिनी म्हणाल्या, तेल द्याल का भाऊ. मी कड्यांना तेल दिलं. तो आवाज तेलाचा नव्हता, हे मला देताना माहीत होतं.