नॅपकिनवरचं गाव
सफरचंदाच्या केकमधल्या दालचिनीचा वास आला की मला अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या आमच्या शेजारच्या जर्मन आजींचं स्वयंपाकघर आठवतं. २००४ च्या हिवाळ्यात मी आणि माझा रूममेट त्यांच्याकडे गेलो होतो. रूममेटचं आजोळ माझ्याच गावात, म्हणून तर परदेशात आमची गट्टी जमली होती. आजींनी कागदी नॅपकिनवर त्यांचं जर्मनीतलं खेडं काढलं: मधे चर्च, मागे ओढा, पिठाची चक्की आणि टोकाला एक चौकोन. "इथे ज्यू कुटुंब राहायचं. त्यांना नेलं, आम्ही खिडकीतून बघत राहिलो," असं म्हणून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी हौसेनं देऊळ, चावडी, आमचं घर, नदी, वेस काढून अख्खा नॅपकिन भरून टाकला. रूममेटनं तो नीट पाहिला, दुसरा नॅपकिन घेऊन माझ्या नॅपकिनला खेटून ठेवला आणि त्यावर दाटीवाटीनं घरं काढली. "हा वेशीबाहेरचा बौद्धवाडा. हे माझ्या मामाचं घर," तो शांतपणे आजींना म्हणाला, "याच्या कागदावर जागा उरली नव्हती." आजी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी केकमध्ये नुसता काटा खुपसत बसलो. परवा माझ्या मुलीनं आपलं गाव काढून मागितलं, तेव्हाही माझा हात आधी देवळाकडेच वळला.