ट्रॅक्टरचा शेक

जगात ज्याला म्हणून थंडी वाजते, मग ते माणूस असो, गाय असो की डिझेल इंजिन, त्याच्या उबेची जबाबदारी आपल्यावरच आहे अशी माझ्या सासऱ्यांची पक्की समजूत आहे. यवतमाळला चौतीस वर्षं त्यांनी ट्रक-ट्रॅक्टरची इंजिनं दुरुस्त केली, त्यामुळे डॉक्टरपेक्षा स्वतःच्या उजव्या तळव्यावर त्यांचा विश्वास जास्त. मला ताप आला तेव्हा कपाळावर हात ठेवून त्यांनी निदान केलं, "थर्मोस्टॅट अटकला वाटते." आमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॉनेटवरही एकदा हात ठेवला आणि दुखवट्याला आल्यासारखे म्हणाले, "याच्यात इंजनच नाई? मंग हे गाडी कायची बाप्पा? मोबाईल हाये."

सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी आयर्लंडमध्ये ॲथलोनजवळच्या आमच्या घरी आणलं. आम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले. नातीला आजोबांचं बोलणं कळे, पण उत्तर येई ते अस्सल आयरिश इंग्रजीत. दुसऱ्याच आठवड्यात "माहं इथं काय काम हाये?" म्हणत त्यांनी परतीचं तिकीट अलीकडे घेण्याचा तगादा लावला.

त्यांना वाचवलं शेजारच्या ट्रॅक्टरने. शेजारी एक आयरिश शेतकरी एकटाच राहतो. त्याचीही बायको गेलेली. त्याच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात छोटा हीटर बसवलेला आहे. कडाक्याच्या थंडीत त्याची वायर शेडमधल्या प्लगमध्ये खोचली की दोनेक तासांत इंजिनातलं पाणी कोमट होतं आणि ट्रॅक्टर कुरकुर न करता सुरू होतो. हे काम टायमरवर चालायचं. बाबांनी ते कुंपणावरून पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. बाळंतिणीला शेक द्यायला कुणी घड्याळ नेमतं का? "टायमरले काय समजते? त्याले कधी थंडी वाजली काय?" हा सवाल मी भाषांतर करून पोचवला. शेतकऱ्याने टोपी मागे सरकवून थोडा विचार केला, टायमर काढला आणि शेडची किल्ली बाबांच्या हातात ठेवली.

मग काय! गवत गोठलेल्या पहाटे पाच वाजता माकडटोपी, मफलर आणि माझ्या नवऱ्याचे बूट अशा थाटात बाबा शेक द्यायला निघत. सात वाजता पुन्हा जाऊन इंजिनावर तळवा ठेवत आणि जवळचं निम्मंअधिक इंग्रजी खर्च करून विचारत, "स्लीप गुड?" ट्रॅक्टरच्या वतीने शेतकरीच सांगे, "ग्रँड." ‘छान’ या अर्थी इथे कशालाही हेच उत्तर असतं. तिकिटाचा विषय बंद झाला.

एका सकाळी मात्र ट्रॅक्टर ढिम्म हलेना. बाबांनी वायर खोचली होती, पण शेडमधून निघताना जन्मभराच्या सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. याच सवयीपायी आमचा फ्रिजही दोनदा बंद पडला होता. चारा पोचेना म्हणून गाई दहा वाजेपर्यंत हंबरत राहिल्या. बाबांनी घरी येऊन पलंगाखालची बॅग ओढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. "मी आता कामाचा रायलो नाई, सूनबाई."

संध्याकाळी शेतकरी दारात उभा. "उद्याही गोठणार आहे म्हणतात. वायर कोण लावणार?" एवढंच त्याने विचारलं. मी भाषांतर केलं. बाबांनी बॅग पुन्हा पलंगाखाली सारली.

तीन महिने भरले आणि बाबा यवतमाळला परतले. परवा कुंपणाशी शेतकरी भेटला. म्हणाला, "टायमर परत लावलाय. ग्रँड चालतो. पण झोप कशी लागली, हे तो मला विचारत नाही."

मला हसूच आलं. प्रश्न ट्रॅक्टरला असायचा हे याला कळलंच नव्हतं तर! गंमत म्हणून मी ते बाबांना फोनवर सांगितलं.

"ट्रॅक्टरले कोन इचारते, बाई?" बाबा चकित होऊन म्हणाले. "त्यालेच तर इचारत होतो. एकट्या मानसाले सकाळी कोनीतरी इचाराले पायजे."

रोजच्या फोनवर मी त्यांचं जेवण विचारते, गोळ्या विचारते, बीपी विचारते. आणि हे एकदाही विचारलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला झोप लागली का नीट?"

पलीकडून आवाज आला, "ग्रँड."