लंगोट आणि पाटरांगोळी

तिळाच्या तेलाचा वास आला, की मला डहाणूतली ती सकाळ आठवते. पोलीसभरतीत माझी छाती कमी भरली होती आणि पुन्हा मोजमाप व्हायचं होतं. म्हणून वडिलांनी तालमीतल्या वस्तादांना घरी येऊन मला शिकवायला राजी केलं. पण त्यांच्यासाठी तयारी काय करायची, हे आमच्या रेल्वेवाल्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, "गुरू येतायत, पाटरांगोळी हवीच." शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या, "नारळ, हार पण पाहिजे ने, बेन!" मी लंगोट कसून, अंगभर तेल चोपडून स्वयंपाकघरात तयार. तेवढ्यात दारातली रांगोळी बघून आणि शिऱ्याचा वास घेऊन क्वार्टर्समधल्या बायकांना वाटलं, सत्यनारायण आहे. त्या ठेवणीतली लुगडी नेसून प्रसादाला आल्या. पाठोपाठ वस्ताद आले. आईने त्यांना पाटावर बसवून हार घातला, तशा बायका त्यांच्याच पाया पडू लागल्या. वस्ताद बिचारे कधी नारळाकडे बघत, कधी आईकडे. "वहिनी, पोरगा कुठाय?" पोरगा दाराआड तेलाने निथळत होता आणि त्याचा पायजमा बाहेरच्या खोलीत, बायकांच्या डोक्यावर, खुंटीला होता. बाहेर जावं तर अब्रू जाते, न जावं तर भरती. शेवटी वस्तादांनी शिरा संपवला आणि ते "उद्या बघू" म्हणत हारासकट निघून गेले. आता उतारवयात, परवा मला गुडघ्यांचे व्यायाम शिकवायला एक तरुण घरी येणार होता. बायकोने विचारलं, "अहो, त्याच्यासाठी काय तयारी करू?" म्हटलं, "काही नको. माझा पायजमा तेवढा माझ्या हाताशी ठेव."