चिंचेवरचा दोर
ओल्या काथ्याचा वास आला की कोळशाच्या इंजिनांच्या काळातलं होटगी स्टेशन आठवतं. आमच्या रेल्वे क्वार्टरवर कललेली चिंचेची फांदी तोडायला एक धनगर आला होता. सुतळी बांधलेला दगड गोफणीनं उंच बेचक्यातून पार करताना तो चारदा हुकला, पाचव्यांदा जमलं. सुतळीनं काथ्याचा ओला दोर वर ओढून घेतल्यावर तो म्हणाला, “आदी घरधन्यानं लोंबकळून बघायचं, रीत हाय.” मी लोंबकळलो आणि वर बारीकसं कट्‌कन वाजलं. “काय वाजलं का?” त्यानं विचारलं. पुन्हा दगड फेकणं नको, म्हणून मी नाही म्हणालो. तो चढला. त्याच्या कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला मी दोराच्या बेचक्याकडे बघत होतो. खाली उतरून दोर गुंडाळताना तो म्हणाला, “मीबी ऐकलं हुतं की. पर तुमी न्हाय म्हनला, म्हनून चढलो.” आजही कुणी ‘काही वाजलं का?’ विचारलं, तर मी आधी हो म्हणतो, मग ऐकतो.