टेकचंदभाऊंची दहा शून्यं

नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावात टेकचंद रहांगडाले यांच्याइतका संशयी माणूस दुसरा नाही. दूधवाला हसला तरी ते आधी दुधात पाणी आहे का ते बघतात. सहा वर्षांपासून जेवलं की त्यांच्या घशाशी आंबट पाणी येतं, छाती जळते. पण बापाला रोग आहे हे कळलं तर मुलीचं, गुंजनचं, लग्न जुळायचं नाही, अशी त्यांची समजूत. म्हणून गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. मला ठाऊक होती, कारण आमची भिंत एक.

मागच्या महिन्यात ते लग्नाची बोलणी करायला गुंजनसाठी पाहिलेल्या मुलाच्या घरी, अर्जुनी मोरगावला गेले. ताटात गरमागरम उडदाचे वडे आले. व्याह्याच्या घरचा वडा नाकारणं म्हणजे आमच्याकडे नातंच नाकारणं. भाऊंनी "पोट भरलं आहे" म्हणून ताट सरकवलं.

दुसऱ्याच दिवशी सोनिका दारात. गोंदियाच्या नर्सिंग कॉलेजची पोरगी, आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात शिकायला आलेली, हातात छापील कागद.

"काकाजी, अ‍ॅसिडिटीनं माणसाचं जगणं किती बिघडते, ते आम्ही मोजून राहिलो. बस, दस सवाल. त्रास नसला तर शून्य, खूप असला तर पाच."

"तुहं गाव कोणतं?"

"अर्जुनी मोरगाव."

झालं. ही मुलाकडच्यांनीच पाठवली, भाऊंनी ठरवून टाकलं. झोप मोडते का? शून्य. रात्री आंबट पाणी वर येऊ नये म्हणून खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा होत्या, त्या तिने पाहिल्या. "जमीन उतरती आहे," भाऊ म्हणाले. पाहुण्यांकडे जेवायचं टाळता का? "शून्य लिव. आन हे कायले विचारून राहिली?" दहाच्या दहा शून्यं, खाली ठसठशीत सही.

चार दिवसांनी मध्यस्थ भैयाजी आले. "वडा काऊन नाकारला? तुमच्या मनात नाई असं वाटून राहिलं त्यायले."

आता मात्र भाऊंना खरं सांगावं लागलं. भैयाजींना ते पटेना. "सहा वर्सं रोग, आन कोणाले माहीत नाई?" अ‍ॅसिडिटीचं विचारत घरोघर फिरलेली सोनिका उपकेंद्रातच होती. भैयाजींनी तिला बोलावून घेतलं. भाऊंनीच हो म्हटल्यावर तिने कागद दाखवला. दहा शून्यं, आणि सही. भाऊंचं तोंड एवढंसं झालं. मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही.

"जुना कागद बदलता येत नाई," सोनिका म्हणाली. "नवा भरू."

भैयाजींसमोर भाऊ ओसरीवर बसले. झोप? पाच. पाहुण्यांकडचं जेवण? पाच. आवाज हळूहळू खाली जात होता. शेवटचा प्रश्न होता, जेवायची भीती वाटते का.

"पाच," भाऊ म्हणाले. "ताट दिसलं का धस्स होते."

भैयाजींनी तिथूनच फोन लावला. "मन साफ आहे त्यायचं. दुखणं आहे, मी स्वतः पाहिलं." पलीकडून होकार आला, तरी भाऊंनी मान वर केली नाही.

स्वयंपाकघराच्या दारात गुंजन उभी होती. रोजचा स्वयंपाक तीच करते.

"मंग रोज 'मस्त झालं' म्हणून आणखी काऊन मागून घेत होते, बाबा?"