आपांनी माझी पोरगी दिली नाही

ज्यांनी रजिया आपांना कामावरून काढलं, तेच आज त्यांच्या फोटोला हार घालून राहिले.

आपा आज पहाटे गेल्या. मुखेडला, बहिणीच्या घरी. हार्ट अटॅक.

दुपारी अहमदपुरातल्या ट्रस्टची पोस्ट आली. ‘आमच्या पाळणाघराचा आधारवड हरपला.’

आधारवड म्हणे!

आपा त्या पाळणाघराच्या इन्चार्ज होत्या. लई कडक. पोर रडतंय आणि बाई मोबाईलवर, असं दिसलं की त्या बाईची खैर नसायची.
माझी सानिका त्यांच्या जिवावर सोडून मी बँकेत जायचे.

एका संध्याकाळी त्यांचा फोन.
“बेटा, लवकर ये. तुझा नवरा लई पिऊन आलाय. पोरगी मागून राहिलाय.”

ऑटोनं पोचले तर हा गेटवर लाथा मारतोय. “माझी पोरगी हाय! तू कोण अडवणारी?”

आपा कुलपाच्या आतून म्हणाल्या, “तुमचीच हाय. शुद्धीवर या, घेऊन जा.”

मी थांबवायच्या आत तो मोटरसायकल काढून गेला.
मोंढ्याजवळ उभ्या ट्रॉलीवर धडकला. पाय मोडला. गाडीच्या टाकीचा चेंदामेंदा.

सानिकाला तो टाकीवरच बसवायचा.

त्याच आठवड्यात ट्रस्टची मीटिंग. अध्यक्ष म्हणजे माझे चुलत सासरे.
“पोरीच्या बापाला चारचौघांत बेइज्जत केलं. माफी मागा.”

मी उभी राहून सगळं सांगितलं. तो रोज पितो, हेही.
“घरातलं घरात ठेवावं, सूनबाई.”

आपा म्हणाल्या, “त्यांचं मन दुखलं, सॉरी. पण उद्या कुणीबी पिऊन आलं, तर पोर देणार न्हाई.”

झालं. काढलं त्यांना.

वर गावभर पसरवलं, ही बाई लोकांचे संसार मोडते. मग कोण काम देणार? आपा गाव सोडून मुखेडला गेल्या.
मी सानिकाला घेऊन माहेरी आले. संसार मोडला तो मी मोडला. आपांनी नाही.

आज मयतीला ट्रस्टचा एक माणूस नव्हता. मी त्यांच्या बहिणीशेजारी बसून होते, सारखी दाराकडं बघत होते.
पोस्टखाली मात्र हात जोडलेल्यांची रांग लागलीय.

सानिका आता चौथीत आहे. तिला आपांचा चेहरासुद्धा आठवत नाही.

आपा, माझी पोरगी आहे. तुमच्यामुळं आहे.
माझा शेवटचा सलाम.