खिळ्यावरची चिठ्ठी

माझी धाकटी बहीण दात बनवते. म्हणजे कवळ्या. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यावरून ती मेणात एकेक दात बसवते, हिरड्यांना रंग देते. बाविसाव्या वर्षी दुसऱ्या शहरात जाऊन ती या कामाला लागली, आणि दोन महिन्यांत तिथल्या बायकांनी तिचं नाव चिंगूस ठेवलं. तोंडावर म्हणायच्या. ती हसायची.

तिचं वागणं होतंच तसं. पगार झाला की तिसरा हिस्सा आधी बँकेत, मग उरलेल्यात महिना. बसमधून दोन थांबे आधी उतरून चालत जायचं. बाजाराला जायचं तर जेवून, म्हणजे डोळ्यांना भूक लागत नाही. टूथपेस्टची नळी संपली की कात्रीने उभी कापून आणखी चार दिवस. साबणाचा उरलेला चपटा तुकडा नव्या वडीला चिकटवायचा. एकदा शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, दात कोरून पोट भरत नाही." ही म्हणाली, "माझं तर दात घडवूनच भरतंय."

पण तिची खरी सवय खिळ्याची, आणि ती आमच्या बाबांची. बाबा छापखान्यात बाइंडर होते. पुस्तकांच्या कडा कापल्यावर पडलेल्या कागदाच्या पट्ट्या घरी आणायचे. स्वयंपाकघराच्या दारामागे एक लांब खिळा होता. कुणाला काही हवं असलं की पट्टीवर तारीख घालून लिहायचं आणि खिळ्याला टोचायचं. महिन्याने काढून वाचायचं. तरीही हवंसं वाटलं तर बाबांना सांगायचं. मग ते कुरकूर न करता आणून द्यायचे. दुसऱ्याची चिठ्ठी मात्र वाचायची नाही. हा नियम कडक. मी एकदा लाल सँडल लिहिले होते. महिन्याने ती चिठ्ठी वाचली तेव्हा माझं मलाच हसू आलं. आमच्या बहुतेक चिठ्ठ्या केरातच गेल्या. आई लवकर गेली, तरी एकट्या कमाईत आम्हा दोघींना कशाची वाण पडली नाही, ती त्या खिळ्यामुळे.

धाकटीने नव्या शहरात आपल्या खोलीतही तसाच खिळा ठोकून घेतला. तिला दोन खोल्या भाड्याने घेऊन बाबांना तिकडे न्यायचं होतं. सगळी काटकसर त्या अनामत रकमेसाठी.

मी लग्न होऊन याच गावात, बाबांपासून दोन गल्ल्यांवर. दोन्ही वेळा डबा द्यायला जायची. एका दुपारी मी तिथे असताना धाकटीचा फोन आला. बाबांनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

"उरलेसुरले दातही आता रजा मागतायत," बाबा म्हणाले. "कवळी करावी म्हणतो. पण परक्याच्या हातची नको. तू ये, माप घे."

"बाबा, माप तिथला डॉक्टरही घेईल. तुम्ही मला पाठवा, मी बनवते."

"तो तोंडात बघेल गं. तोंडाकडे कोण बघणार?"

ती हसली. "रजा बिनपगारी पडेल, भाडं वेगळं. पुढच्या पगाराला अनामत पुरी होतेय बघा. चिठ्ठी लावू का?"

बाबा म्हणाले, "लाव की. नियम तो नियम."

त्यानंतर फोन रोज व्हायचे, पण हा विषय दोघांनीही काढला नाही. डबा अर्धा परत येऊ लागला होता. मला वाटलं, दातांमुळे. मी सगळं मऊ करून द्यायला लागले. एकदा म्हटलं, "बाबा, मी सांगू का तिला यायला?"

"महिना होऊ दे," ते म्हणाले. "मधेच लकडा लावला तर चिठ्ठीला अर्थ काय राहिला?"

चोविसाव्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले, तर बाबा खुर्चीत होते आणि मी हाक मारली तरी उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल.

धाकटी मिळेल त्या गाडीने, मागतील ते भाडं देऊन आली. कामावरचा एप्रन तसाच अंगावर. पिशवीत माप घ्यायचे दोन साचे, एक लहान आणि एक मोठा. चिठ्ठी लावली त्याच दिवशी तिने ते कामावरून मागून ठेवले होते. "बाबांचा जबडा केवढा, ते आठवेना," म्हणाली, "म्हणून दोन्ही आणले."

सगळे पांगल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. तिने दार ओढलं. खिळ्यावर एकच पट्टी होती.

"दुसऱ्याची वाचायची नाही," मी सवयीने म्हणाले.

"आता परवानगी कुणाची घेऊ, ताई?"

वर तारीख होती, त्या फोनच्या बरोबर एक महिना आधीची. खाली लिहिलं होतं, 'धाकटीला बघावंसं वाटतं.' त्याखाली वेगळ्या शाईत फोनच्या दिवसाची तारीख आणि दोनच शब्द. 'अजून वाटतं.'

धाकटीने दोन्ही तारखांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "त्यांचा महिना होऊन गेला होता गं."

रोज दोनदा मी त्या दारातून आत-बाहेर केलं. पट्टी डोळ्यांसमोर होती आणि मी शहाण्या मुलीसारखी मान वळवत राहिले. देवापुढे बसते तेव्हा हेच आठवतं. त्याच्याशी भांडत नाही मी. बाबांनी वाईट काही शिकवलं नव्हतं. पण हात जोडले की शब्द सुचत नाहीत.

पुढच्या पगाराला अनामत पुरी झाली. धाकटीने दोन खोल्या घेतल्या. एक रिकामीच असते. अजून ती दोन थांबे आधी उतरते, नळी कात्रीने कापते. खिळा मात्र तिने उपटला. आता महिन्यातून एकदा, मनात येईल त्या दिवशी, न कळवता माझ्या दारात उभी राहते. भाडं किती पडलं, मी विचारत नाही. जेवायला बसलो की ताटावरून तिची नजर माझ्याकडेच.

परवा मी म्हटलं, "काय बघतेस एवढं?"

"काही नाही," म्हणाली. "जेव तू."